न मिळालेल्या लोनचा वाढदिवस

देवगाव रंगारीला पुतण्याचं लग्न होतं, आणि त्या लग्नात मल्हारराव घोडीच्या प्रेमात पडले.

घोडी पांढरीशुभ्र. कपाळावर आरशांची पट्टी, गळ्यात घुंगरमाळ. बँडवाल्यांनी ठेका धरला की अशी काही पावलं टाकायची की वऱ्हाड नवरदेवाला विसरून तिच्याकडंच बघत बसलं. नवरदेव बिचारा वर आयाळ घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. मल्हाररावांचा जन्म जनावरांत गेलेला. पडेगावच्या माळावर त्यांच्या बापजाद्यांची मेंढरं चरायची. पुढं माळाचे प्लॉट पडले, प्लॉटांना तारा आल्या, मेंढरं विकावी लागली आणि दारात उरली चार-दोन शेरडं आणि एक बोकड. पण नजर गेली नव्हती. वरात मांडवाला लागायच्या आत त्यांनी घोडीचे दात, खूर, कान सगळं बघून घेतलं.

"विकायची हाय," घोडीवाला बद्रीनाथ म्हणाला. "माझे गुडघे गेले. वरातीत चालणं व्हत नाय आता. तुमच्यासारखा माणूस मिळाला तर द्यायची, कुणालाबी नाय."

घरी येऊन त्यांनी बायकोला, मंजुळाबाईंना सांगितलं. शहरात लग्नं किती, नवरदेव किती, एका सिझनमध्ये घोडी स्वतःची किंमत कशी फेडील, सगळं सांगितलं.

मंजुळाबाईंनी भाकरी उलटली. "आवो, शेरडं पुढं पळतेत आन तुम्ही मागं. घोडी काय आवरणार तुम्ही? आन तिला खायला काय घालणार, लोकाच्या लग्नातल्या अक्षता?"

तरी मल्हारराव बँकेत गेले. बँकेतल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि दोन जामीनदार, उत्पन्नाचा दाखला आणि घोडीचं कोटेशन आणायला सांगितलं. मल्हाररावांनी बद्रीनाथला फोन लावला.

"घोडीचं कोटेशन हाय का तुझ्याकडं?"

"खोगीर हाय, लगाम हाय, झूल हाय," बद्रीनाथ म्हणाला. "कोटेशन घालत नाय मी तिला. अंगाला टोचत आसंल."

असं ते बँकेचं प्रकरण थंड पडलं. आणि त्याच आठवड्यात फोन आला.

"नमस्कार, मल्हारराव सर बोलताय का? मी मोनिका. सर, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय."

मल्हारराव खाटेवर पडले होते ते उठून बसले. त्यांना आजवर भाऊ म्हणलं होतं, अप्पा म्हणलं होतं, मंजुळाबाई तर रागात बरंच काही म्हणायच्या. पण सर कुणी म्हणलं नव्हतं.

"मी तर मागितलं नाय, मॅडम."

"कंपनीनं स्वतःहून मंजूर केलंय सर. तुमचा रेकॉर्ड एकदम क्लीन आहे ना."

मल्हाररावांना भरून आलं. आपला काही रेकॉर्ड आहे आणि तो क्लीन आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"कागदं काय लागतील?"

"काहीच नाही सर."

"जामीनदार?"

"छे सर."

"घोडीचं कोटेशन?"

मोनिका मॅडम क्षणभर अडखळल्या. "ते... ते आम्ही आमच्याकडून टाकतो सर."

मल्हाररावांनी मनातल्या मनात त्या बँकवाल्याला चार शब्द सुनावले.

मोनिका मॅडमनी मोबाईलवर एक लिंक पाठवली. हे ॲप दुकानात मिळत नाही, खास गिऱ्हाइकालाच देतो, असं म्हणाल्या. खास म्हणल्यावर मल्हाररावांनी अंगात धुतलेला सदरा घातला आणि मग ॲप उघडलं. ॲप विचारायला लागलं: फोनमधले नंबर बघू का? फोटो बघू का? मेसेज वाचू का? दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं, म्हणून मल्हारराव सगळ्याला हो म्हणत गेले. शेवटी ॲपनं त्यांचा फोटो मागितला. त्यांनी पुतण्याच्या लग्नातला गुलाबी फेटा बांधला आणि गोठ्यासमोर उभे राहिले. तीनदा बोकडच मधे आला. चौथ्या फोटोत मल्हारराव पूर्ण आले आणि बोकडाचा नुसता कान आला. ॲपनं तो फोटो चालवून घेतला.

"सर, फोटोत काय दिसताय तुम्ही!" मोनिका मॅडम म्हणाल्या. "आता फक्त फाईल चार्ज भरा. तासाभरात पैसे खात्यात."

फाईल चार्ज भरायचा तर पैसा हवा. मल्हाररावांनी बोकड छावणीच्या गुरुवारच्या बाजारात नेला आणि विकून टाकला. घरी सांगितलं की बोकड मारका झाला होता. मंजुळाबाई म्हणाल्या, "मारका? त्यानं उभ्या जन्मात कुणाला ढुशी दिली नाय," पण पुढं बोलल्या नाहीत.

फाईल चार्जमध्ये बोकडाचे पुढचे दोन पाय गेले. पैसे पाठवताना मोबाईलवर ज्याच्या नावानं खातं होतं ते नाव आलं. मल्हाररावांना इंग्रजी अक्षरं जुळवत वाचता यायची. त्यांनी जुळवली: पिंकी ब्यूटी पार्लर.

"मॅडम, हे पार्लर कशाचं?"

"आमच्या फायनान्स मॅनेजर आहेत सर, पिंकी मॅडम. साइड बिझनेस आहे त्यांचा."

मल्हाररावांना वाटलं, बाई कष्टाळू दिसते.

दुसऱ्या दिवशी विम्याचा हप्ता निघाला. त्यात मागचे दोन पाय गेले. तिसऱ्या दिवशी सरकारचा टॅक्स निघाला, त्यात बोकडाचं पोट गेलं. रोज मोनिका मॅडम सांगायच्या, सर तुमची फाईल शेवटच्या टेबलावर आहे. रोज मल्हारराव फोनच्या वेळेला सदरा बदलायचे. मंजुळाबाई हे बघत होत्या.

"कोण हाय वो ती?"

"कामाचा फोन हाय."

"कामाच्या फोनला कुणी मिशीला तेल लावतं का?"

चौथ्या दिवशी मोनिका मॅडमनी सहीची फी मागितली. कुणाची सही, तर म्हणाल्या लई वरच्या साहेबाची. बोकडाचं आता डोकं आणि शेपूट एवढंच शिल्लक होतं. मल्हारराव बाजारात वाढलेला माणूस. इतके दिवस 'सर' ऐकून त्यांच्या डोक्यावर जी धुंदी बसली होती तिच्याखालून जुना सौदेगार हळूच बाहेर आला.

"मॅडम, आसं करा," ते म्हणाले. "जे काय कापायचं ते माझ्या लोनमधूनच कापा आन उरलेलं मला द्या. बाजारातला दलालसुद्धा सौदा झाल्यावर दलाली घेतो. माझ्याकडंच पैसा आसता तर मी लोन कशाला घेतलं आसतं?"

पलीकडं कुणाशी तरी कुजबुज झाली.

"सर, तसा रूल नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या मॅडम. बोकड संपला."

"कोण बोकड?"

"आवो, तुम्हीच तर खाल्ला."

फोन कट झाला. थोड्या वेळानं दुसऱ्या नंबरवरून आला. आवाज बाप्याचा होता, जाड आणि चिडका.

"दुबे बोल रहा हूँ. लोन तुम्हारे नाम पे चढ़ चुका है. पहली किस्त भरो."

"साहेब, पैशे मेरेकू मिलेच नै," मल्हारराव आपल्या हिंदीत म्हणाले. "किस्त कायकी?"

"वो हमको नहीं मालूम. तुम्हारे फोन के सारे नंबर हमारे पास हैं. कल दोपहर तक पैसा नहीं आया तो सबको तुम्हारा फोटो जाएगा. ऊपर लिखेंगे, चोर. फिर घूमना मुँह लेके."

मल्हारराव खाटेवर टेकले. त्यांच्या फोनमध्ये कोण नव्हतं? व्याही होते, सोयरे होते, पुजारी होते, जनावराचे डॉक्टर होते, छावणी बाजारातले सगळे व्यापारी होते. चार गावांत सोयरीक जुळवायची तर लोक त्यांना मधे घालायचे. चोर माणसाला कोण मधे घालील? जेवण गेलं नाही. मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. मग त्यांनी फोनवर कानावर पडलेलं मोनिकेचं नाव घेऊन बघितलं, तर मल्हाररावांना ठसका लागला. आता ह्यांना बरंच काही झालंय असं समजून त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

मुलाला, रामेश्वरला सांगावं असं मल्हाररावांना दोनदा वाटलं. रामेश्वर वाळूजच्या कंपनीत होता. सकाळी शिफ्टची बस धरायला तो निघाला तेव्हा मल्हारराव दारापर्यंत मागं गेले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "डबा घेतला का?"

दुपार झाली. मल्हारराव गोठ्यात शेरडांच्या मागं जाऊन बसले. फोन मांडीवर होता. तो थरथरला, आणि त्यांच्याच फोनवर त्यांचाच फोटो आला. भोवती लालभडक चौकट, वर-खाली इंग्रजीत मोठाली अक्षरं, मधे गुलाबी फेट्यातले मल्हारराव आणि कोपऱ्यात बोकडाचा कान. त्यांनी डोळे गच्च मिटले. आता कुणाचा फोन पहिला येतो एवढीच वाट होती.

पहिला आला कचरूचा. कचरू छावणी बाजारातला व्यापारी, अत्यंत फटकळ माणूस. मल्हाररावांनी मान खाली घालूनच फोन कानाला लावला.

"मल्हारभाऊ!" कचरू ओरडला. "वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! आन बॅनर काय छापलाय राव! फेटा लई खुलून दिसतो."

मल्हाररावांनी मान वर केली. "थ्यांक्यू," ते म्हणाले.

त्यानंतर फोन थांबेचना. जनावराच्या डॉक्टरांनी केकचं चित्र पाठवलं. पुजाऱ्यांनी खंडोबा उदंड आयुष्य देवो म्हणून कळवलं. व्याह्यांनी तोच लाल चौकटीचा फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमचे मार्गदर्शक'. शहरात चौकाचौकात तसले फलक रोज लागतात. लाल चौकट, फेटा आणि मोठी अक्षरं दिसली की माणूस पुढचं वाचत बसत नाही, हात जोडून मोकळा होतो. भावकीच्या ग्रुपवर तर केकांची रांग लागली. एका आत्येभावानं विचारलं, 'कोणत्या पक्षाकडून उभे आहात? आपला पाठिंबा धरा.'

उन्हं कलायच्या आत गल्ली दारात जमली. कुणी नारळ आणला, कुणी टोपी. बाजारातून कचरूही आला. शेजारच्या गीताबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आज तुमचा वाढदिवस हाय?"

"तसं... म्हणतेत," मल्हारराव म्हणाले.

"आन मला गल्लीनं सांगावं? एवढी वर्सं संसार केला, मला कधी बोलला नाईत!"

त्या फणफणत आत गेल्या आणि शिरा करायला घेतला. रागात तूप जरा जास्तच पडलं, त्यामुळं शिरा फार चांगला झाला. मल्हाररावांना ओवाळलं, टोपी घातली, हातात नारळ दिला. ते नवरीसारखे खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे.

एकटे नानासाहेब मात्र कोपऱ्यात बसून होते. नानासाहेब पलीकडच्या गल्लीतले, चांगली जमीनवाली असामी, कडक इस्त्रीचे कपडे. हल्ली फोन बंद ठेवायचे, कुणात मिसळायचे नाहीत. लोक म्हणायचे, माणूस गर्विष्ठ झाला. आपल्या पुतण्याच्या फोनवर फोटो बघून ते आले होते. शिऱ्याची प्लेट त्यांनी तशीच हातात धरली होती आणि मल्हाररावांकडं एकटक बघत होते.

तेवढ्यात रामेश्वर आला. बसमध्येच त्याला फोटो मिळाला होता. तो गर्दीतून वाट काढत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पा, ह्याच्यावर काय लिवलंय ठावं हाय का? तुम्ही लोन बुडवणारे चोर हाव, आसं लिवलंय."

आवाज दबका होता, पण गल्लीचे कान तिखट. चमचे थांबले. गीताबाईंच्या ताटातली वात तेवढी हलत होती.

मल्हाररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मग सगळं सांगितलं. घोडी, मोनिका मॅडम, पिंकी ब्यूटी पार्लर, बोकडाचे पाय, दुबे. मधे कुठं थांबले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाले, "आता ज्याला चोर म्हणायचं त्यानं म्हणा."

कुणी काही म्हणायच्या आत त्यांचा फोन वाजला. दुबेच होता. रामेश्वरनं स्पीकर लावला.

"क्यों मल्हारराव? हो गई इज्जत? अब पैसा भेजो, नहीं तो फिर से भेजूंगा सबको."

मंजुळाबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. हाताला शिऱ्याचं तूप होतं.

"ए दुबे," त्या म्हणाल्या, "मी ह्यांची मंडळी. फोटो धाड, खुशाल धाड. पर आता धाडशील तवा माझाबी शेजारी टाक, जोडीनं. आन आमच्या माहेरी नाय पोचला तो. भाऊ माझा बघ, कधी कशाला इचारीत नाय. त्याचा नंबर देते, लिवून घे."

"आप... आप समझ नहीं रहे," दुबे म्हणाला. "ये बेइज्जती का फोटो है!"

"ती बोकडाच्या कानानं झाली बेइज्जती. त्यो काढ पुढच्या टायमाला. आन ती मोनिका कुठंय? तिला दे फोन. मिशीला तेल लावायला लावती व्हय माझ्या नवऱ्याला?"

गल्लीला हसू फुटलं. कचरू हसता हसता ओट्यावरून खाली घसरला. गीताबाईंना ताट खाली ठेवावं लागलं. फोनमधून दुबे हॅलो हॅलो करत होता, आणि मागून कुणीतरी पोरगा "वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुबेसाहेब!" असं ओरडला तेव्हा त्यानं फोन ठेवला. मल्हारराव आधी भीत भीत हसले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा नेमका कधी उतरला ते त्यांना कळलं नाही.

हसणं जरा ओसरलं तेव्हा नानासाहेब बोलले. "मी भरले पैसे," ते म्हणाले.

सगळे वळले.

"मलाबी असाच फोटो करून दाखवला होता. कुणाला जाऊ नये म्हणून भरले. मग पुन्हा मागितले, पुन्हा भरले. अजून भरतोय." ते शिऱ्याकडं बघत म्हणाले, "म्हणून फोन बंद असतो. मला वाटलं, फोटो गेला की माणूस संपला."

मंजुळाबाईंनी त्यांच्या प्लेटमध्ये अजून शिरा वाढला. "खावा आधी, नाना. गार व्हतोय."

रामेश्वरनं तिथल्या तिथं १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लावून दोघांची तक्रार सांगितली आणि मग बापाच्या फोनमधले दुबेचे मेसेज, पैसे गेल्याच्या पावत्या, तो फोटो, सगळं जपून ठेवलं. ॲपला दिलेले सगळे 'हो' एकेक करून मागं घेतले. लोन देणारा कधी आधी पैसे मागत नाही अप्पा, तो म्हणाला, आणि ज्याला फोनमधले सोयरे बघायचेत त्याला लोन द्यायचं नसतंच. मल्हाररावांनी मान हलवली. भावकीच्या ग्रुपवर रामेश्वरनं खरं काय ते लिहून टाकलं, कुणाला दुबेचा फोन आला तर उचलू नका म्हणून. आत्येभावानं लगेच उत्तर पाठवलं, 'तरीही पाठिंबा कायम.'

बद्रीनाथचाही फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मल्हारभाऊ, लोनबिन सोडा. घोडी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. शहरातल्या सुपाऱ्या तुम्ही आणा, वरातीत तुम्ही चाला, मिळंल त्यात निम्मंनिम्मं. मला नुसतं बसून ऱ्हाता आलं म्हणजे झालं."

मल्हाररावांनी मंजुळाबाईंकडं बघितलं. "वरातीत सदरा धुतलेला घाला," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मल्हारराव आणि नानासाहेब सायबर पोलिसांकडं गेले. टेबलाशी बसलेल्या मॅडमनी दोघांचं सगळं लिहून घेतलं. पिंकी ब्यूटी पार्लरच्या खात्यात थोडेफार पैसे अडकवून ठेवलेत, ते मिळतील. बाकीचं सांगता येत नाही म्हणाल्या. नानासाहेबांना त्यांनी विचारलं, आधी का नाही आलात, तर नानासाहेबांनी मान खाली घालून सहीसाठी पेन मागितला. पण तिथून बाहेर पडताना त्यांची चाल बदलली होती. परतीला रिक्षात बसल्यावर त्यांनी किती तरी दिवसांनी फोन चालू केला. रस्ताभर तो टिंगटिंग वाजत राहिला. अर्धे मेसेज त्यांच्या मुलीचे होते.

छावणीपाशी रिक्षावाल्याचा फोन वाजला. एक हात हँडलवर, एक हात कानाशी.

"हां, बोल रहा," तो म्हणाला. "पर्सनल लोन? हां, होना ना मेरेकू! क्या? पैले फाईल का पैसा? हां, भेजता मैं, नंबर बोलो..."

"नको!" मागून दोघं म्हातारे एकदम ओरडले आणि पुढं झेपावले. मल्हाररावांनी फोन धरला, नानासाहेबांनी रिक्षावाल्याची कॉलर. रिक्षा फुटपाथला घासून एका रसवंतीसमोर थांबली.

"अरे चाचा, मारते क्या!" रिक्षावाला पांढराफटक पडला होता.

मल्हाररावांनी फोन कट केला आणि त्याला खाली उतरवून बाकड्यावर बसवलं. नानासाहेबांनी तीन ग्लास रस सांगितला, इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता समोरच्या ओल्या दगडावर बसले, आणि म्हणाले, "बैठ बेटा. पहिले मेरा सुन. मैंने कितना भरा, मालूम है?"

आणि त्यांनी आकडा सांगितला. इतक्या मोठ्या आवाजात सांगितला की रसवंतीवाल्यानं चरक थांबवला.